पुसण्याआधी

संगणक सुरू व्हायलाच वीस मिनिटं लागू लागली, तेव्हा दुरुस्तीवाला घरी येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल. तुम्हाला नाही जमायचं. सर असते तर गोष्ट वेगळी होती."

सर म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "मी बघते."

दोन दिवस बॅकअप घेत बसले. सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायचं, एवढंच काम. पण काय ठेवायचं हे ठरवताना जीव दमला. ह्यांचे सहलींतले हसरे फोटो घेतले. मग हॉस्पिटलचे रिपोर्ट उघडले, एकेक पुन्हा वाचला आणि घेतला नाही. त्या आठ महिन्यांना मी ह्यांची आठवण म्हणू देणार नाही. विसरणं आपल्या हातात नसेलही, पण काय जपायचं हे तरी आपणच ठरवावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी प्रणाली भरून ठेवलेला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर इशारा आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? मी 'हो' दाबलं. तासाभरानं संगणक नव्यासारखा उघडला आणि त्यानं वापरणाऱ्याचं नाव विचारलं. इतकी वर्षं तिथं ह्यांचं नाव होतं. मी दोन बोटांनी, सावकाश, स्वतःचं नाव टाइप केलं.