थाळीची तपासणी

आमच्या घरात डॉक्टरकी सगळ्यांनाच येते, ती शिकलेलं मात्र कुणी नाही.

मुलगी सात महिन्यांची असताना बायको म्हणाली, "हिले आयकू येत नाही वाटते." कुकरच्या शिट्टीला पोर दचकत नव्हती. माझ्या आईने लगेच स्टीलची थाळी आणि उलथनं आणलं. पोरीला अंगणात बसवलं, मागे उभी राहून थाळी बडवली. पोर वळली. "पाह्य, पलटली ना? काहीच्या काही बोलू नको." झाला निकाल. वडनेर भोलजीत आमच्या घरी जो पाहुणा येई, तो अंगणात थाळी वाजवून बघे आणि समाधानाने चहा प्यायला बसे.

मी तर शाळेत विज्ञान शिकवतो. ध्वनीचा धडा दरवर्षी घेतो. तरी बायकोला दटावलं, "गावभर सांगू नको, उद्या पोरीचं लग्न करायचं आहे." केवढा दूरदर्शी बाप! दीड वर्षाची झाली तरी पोर बोलेना, तेव्हा माझ्या काकूने तिच्या जिभेला वेखंड चोळलं. मी बघत उभा होतो.

अडीच वर्षांची झाल्यावर बायकोने हट्टाने अकोला गाठलं. मी तोंड वाकडं करून सोबत गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पोरीला झोपवून कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवल्या, कानात आवाज सोडले आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्रावर पाहिलं. फारसं काहीच पोचत नव्हतं. मी थाळीचा पुरावा दिला.

"वाजवणारा कुठे उभा असतो?"

"मागे. उन्हाकडे पाठ करून."

"म्हणजे सावली हिच्यापुढे पडते. ती हलली की ही वळते."

कान जन्मानंतर महिन्याभरात तपासायचे असतात आणि शंका आली तर एक दिवसही थांबायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. शंका कधी आली, हेही विचारलं. "दोनेक महिने झाले," मी म्हणालो. "सात महिन्यांची होती तवाच," बायको म्हणाली. बाईंनी तिचं उत्तर लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कानाला मशीन लावू. पण भाषा शिकायचा मोठा काळ हातचा गेलाय, आता मेहनत जास्त लागेल. घरी तिच्याशी सतत बोलत राहा."

बायको पोरीच्या कपाळावरचा चिकटा पुसत होती. "मी तं रोजच बोलत होती," ती म्हणाली. "झोपवताना गाणं बी म्हणत होती."