पावणं, उठा आता!

२७ जुलै. नदीकाठच्या दूध उत्पादकांना ‘जनावरं उंचावर हलवा’ हा मेसेज संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. पंचगंगा चढत होती. नंबर गावोगावच्या दूध संस्थांच्या सचिवांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते आणि आमचा प्रोग्रॅम त्यातले बरेचसे चुकीचे म्हणून परत फेकत होता.

“मॅडम, एवढे सोडून बाकीच्यांना पाठवूया का?” नव्यानं लागलेल्या मानसीनं विचारलं.

अक्का आज माझ्या खुर्चीत असत्या, तर मानसीचं काही खरं नव्हतं.

अक्का आमच्या दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. माहेर निपाणीकडचं, आवाज पार फाटकाजवळच्या वजनकाट्यापर्यंत जाणारा. एखादा नंबर किंवा नाव अडलं की त्या कर्सर त्याच्या सुरुवातीला नेत आणि बाणाचं बटण एकेकदा दाबत. प्रत्येक दाबाला कर्सर एक घर पुढं सरकायला हवा. बटण दाबूनही तो जागचा हलला नाही, की तिथं न दिसणारं चिन्ह बसलेलं असायचं. अक्का स्क्रीनकडं बोट करून ओरडत, “कोण पावणं? उठा आता!” आणि ते पुसून टाकत.

मोबाईलमधून नंबर कॉपी केला की असे पाहुणे मागंपुढं चिकटून येतात. आपल्याला दहा आकडे दिसतात, कॉम्प्युटर जास्तीचे मोजतो आणि नंबर नाकारतो. माणूस मात्र खरा असतो, त्याच्या म्हशीही खऱ्या असतात. म्हणून नाकारलेली ओळ काढून टाकायची भाषा कुणी केली, की अक्का म्हणत, “दूध नासलं म्हणून म्हैस इकतोस व्हय?”

सरसकट झाडू मारणंही त्यांना खपायचं नाही. बाहेरून आलेल्या एका तंत्रज्ञानं एकदा सगळ्या यादीतली न दिसणारी चिन्हं एका झटक्यात उडवली. नंबर स्वच्छ झाले, पण कऱ्हाडकर, गोऱ्हे अशी नावं मोडली, कारण त्यांतलं अर्धं अक्षर तशाच एका चिन्हानं धरून ठेवलं होतं. अक्कांनी त्याला चहा दिला आणि सुनावलं, “पावणं हाकलताना घरचा माणूस पण भाईर काढलास की!” मग मूळ प्रत उघडून त्याच्याकडूनच सगळं परत करून घेतलं. मूळ प्रतीला हात लावू न देणं हा त्यांचा आणखी एक हट्ट.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाल घेतली आणि भाषण टाळलं. जाताना मला म्हणाल्या, “सुनंदा, यादीतली एक बी वळ सोडायची न्हाय. बाकी तुझं तू बघ.” गेल्या हिवाळ्यात कळंब्याच्या घरी त्या वारल्या. मी जाऊन आले आणि दुपारी कामावर बसले. त्यांना तेच पटलं असतं.

मानसीला मी म्हटलं, “एकही सोडायचा नाही. आधी प्रत काढ.” तिला बाणाचं बटण दाखवलं. पहिल्याच नंबरावर कर्सर अडला. “अय्या, खरंच कुणीतरी बसलंय की!” ती म्हणाली. मग नंबरांच्या रकान्यातून आकड्यांखेरीज सगळं काढलं. नावांना हात लावला नाही. मेसेज निघाले. तरीही काही नंबर परत आले, त्यांत आकडाच कमी होता. त्या गावांच्या सचिवांना फोन लावून सांगितलं, “देवळाच्या भोंग्यावरून नावं पुकारा. त्यांच्या म्हशी हलवल्याची खबर आल्याशिवाय मी घरी जाणार नाही.”

“अक्कांच्या हाताखालच्या दिसताय!” त्यांतला एक म्हातारा सचिव म्हणाला. दिवेलागणीला शेवटचा फोन त्याचाच आला. “बाई, समद्या म्हशी शाळंच्या पटांगणात बांधल्या. गोठ्यात पाणी शिरलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मानसीला शेजारी बसवून प्रोग्रॅम बदलला. आता नंबर नाकारला की तो पुढची ओळ घेत नाही. थांबतो आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत विचारतो, “कोण पावणं?”