अप्पांचे सत्कार

अप्पांना कुणाचा राग आला की ते त्या माणसाचा सत्कार करत. मी बिलोलीहून लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आले आणि अप्पांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांना शेजारच्या दुकानदाराच्या स्कूटरला हार घालताना पाहिलं आणि वाटलं, मालक फार श्रद्धाळू दिसतात. खरी गोष्ट अशी की तो दुकानदार रोज अप्पांच्या फाटकासमोर गाडी लावायचा आणि अप्पा रोज सकाळी तिला हार घालून, कुंकू लावून, नारळ ठेवून हात जोडायचे. पुढे रस्त्याने येणारी-जाणारी माणसंही तिच्या पाया पडू लागली, तेव्हा शेजाऱ्याने गाडी निमूटपणे दुसरीकडे नेली.

"शिवी दिली की माणूस उलटी शिवी देतो, बाई," अप्पा मला म्हणाले. "हार घातल्यावर काय करल? मान खालीच घालावं लागतंय!" आमच्याकडे सत्काराला नाही म्हणायची कुणाची छाती नसते. शाल, फेटा आणि नारळ समोर आला की भल्याभल्यांना खुर्चीत बसावंच लागतं, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं.

अप्पा डाळमिलवाले. अंगरख्यावर कायम तुरीची पिवळट भुकटी, आवाज अडत बाजारात धान्याच्या सौद्यात बोली लावून कमावलेला. पण या माणसाला एकच व्यसन होतं, नाटकाचं. लातुरात नाटक आलं की ते पहिल्या रांगेत. नाटक कसलंही असो, शेवटपर्यंत बसायचे आणि पडदा पडल्यावर उभं राहून टाळ्या वाजवायचे. त्यांना दुःख एवढंच होतं की अक्का, म्हणजे त्यांची बायको, कधी सोबत आल्या नाहीत. "खोट्या माणसांचं खोटं रडणं बघायला तिकडं कशाला जायचं? घरात काय कमी हाय का?" असं म्हणून अक्का टीव्ही लावायच्या. अप्पा दर वेळी विचारायचे, अक्का दर वेळी नाही म्हणायच्या, आणि अप्पा मग एकटे, थोडे खट्टू होऊन, निघायचे. अर्धं आयुष्य हेच चाललं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर अक्कांना काय वाटलं कोण जाणे. "चला, पायऱ्या चढता येतेत का बघू," म्हणून त्या एका रविवारी दुपारी निघाल्या. अप्पांनी त्या दिवशी अंगाला अत्तर लावलं होतं. मलाही सोबत नेलं. नाटक बाप-लेकीचं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी लेक भांडून, बॅग उचलून घर सोडते आणि बाप उघड्या दाराकडे बघत उभा राहतो. अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. पडदा पडला. आम्ही तिसऱ्या अंकाची वाट बघत बसलो, तर व्यवस्थापक पुढे येऊन, "रसिकहो, धन्यवाद, लोभ असावा," म्हणून गेलासुद्धा. पडद्यामागे खिळे उपसायचे आवाज येऊ लागले. कंपनीचा रात्री नांदेडला प्रयोग होता. वेळेत पोचायला हवं म्हणून त्यांनी तिसरा अंक सरळ गाळला होता. लातुरात कुणाला कळतंय, असा हिशेब.

परतताना ऑटोत अक्कांनी विचारलं, "ती पोरगी घरी परत आली का न्हाई?"

अप्पा ऑटोबाहेर रस्त्याकडे बघू लागले.

"म्हंजे तुमाला बी ठाव न्हाई? एवढी वर्षं नाटकं बघायलाव, अन् शेवट ठाव न्हाई? म्या न्हाई येत आता परत."

त्या संध्याकाळी अप्पा जेवले नाहीत. मला त्यांची फार कीव आली. किती वर्षांनी अक्का आल्या होत्या, आणि त्या चोरांनी नेमका तोच दिवस नासवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नांदेडच्या साडूला फोन लावला. साडू रात्री तिथल्या प्रयोगाला जाऊन आले होते.

"काय हो, लेक परत आली का?"

"हाव, एक पोरगी आली खरी," साडू म्हणाले. "पण ती कोण, गेली कवा, कायबी कळलं न्हाई."

मग उलगडा झाला. कंपनी नांदेडला उशिरा पोचली होती आणि तिथे त्यांनी पहिला अंक आणि लेक घर सोडते तो प्रवेशही गाळला होता. घर सोडून जायचं लातुरात आणि परत यायचं नांदेडात, असं ते नाटक दोन जिल्ह्यांत मिळून पूर्ण झालं होतं.

"बरं, ती आल्यावर बाप काय म्हणला?" अप्पांनी आशेने विचारलं.

"ते ध्यानात न्हाई. माझा जरा डोळा लागला हुता."

अप्पांनी फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ह्या मंडळींचा सत्कार करावा लागतंय."

पुढच्या वर्षी तीच कंपनी तेच नाटक घेऊन पुन्हा आली. या वेळी नांदेड आदल्या दिवशी उरकलं होतं, लातूरची दुपार संपवून थेट पुण्याला निघायचं होतं. अप्पांनी व्यवस्थापकाला आधीच कळवलं, "प्रयोगानंतर समस्त अडत बाजारातर्फे कलाकारांचा जाहीर सत्कार." तो गडी इतका खुलला की फोटोग्राफर आहे ना, असं त्याने स्वतःहून विचारलं. अक्का यायला तयार नव्हत्या. "नाटकाला नगं, सत्काराला तर चल," असं म्हणून अप्पांनी त्यांना कसंबसं आणलं.

लेक गेली, पडदा पडला, व्यवस्थापकाने 'लोभ असावा' म्हटलं. अपेक्षेप्रमाणे तिसरा अंक गुल. तेवढ्यात अप्पा फेट्यांचं गाठोडं आणि निम्मा अडत बाजार घेऊन रंगमंचावर चढले. सगळ्या नटांना हार घालून खुर्च्यांवर ओळीने बसवलं. फेटे बांधायला गावातला सर्वांत सावकाश माणूस आणला होता. तो एक पीळ घालायचा, मागे सरून बघायचा, मान हलवायचा आणि सोडून पुन्हा बांधायचा. व्यवस्थापक घड्याळ बघू लागला. "आम्हाला निघायचंय हो," तो कुजबुजला.

"सत्कार अर्धवट सोडून?" अप्पा माईकवर म्हणाले. "अर्धवट सोडायची पद्धत आमच्यात न्हाई."

लोक हसले. मग अप्पा गंभीरपणे म्हणाले, "ही मंडळी थोर हायत. नाटकाचा शेवट त्यांनी आमच्यावर सोडला. आम्हीबी तो जमल तसा बसवलाव. आता पाव्हण्यांनी बघून जावं."

दिवे मंद झाले. मी पडद्यामागे वाक्यं सांगायला बसले होते, पण वाक्यं होतीच कुठे? साडूंनी सांगितलं तेवढंच आमचं संहितेचं भांडवल. लेकीच्या कामाला मन्मथअप्पा होते, तुरीचे मोठे व्यापारी, मिशा तशाच ठेवून बायकोचं इरकल नेसलेले. बाप झाले होते अप्पा. मन्मथअप्पा बॅग घेऊन दारात आले. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं विसरले. मग गावाकडून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे तेच त्यांनी सौद्याच्या आवाजात विचारलं, "आलीस व्हय? तिकडं पाऊस कसा हाय?"

मन्मथअप्पाही व्यापारी. त्यांनी पदर सावरून इमानदारीत सांगितलं, "लई न्हाई. पण सोयाबीन बरं हाय."

सभागृह कोसळलं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. फेटेवाले नट खाली माना घालून बसले होते. मला वाटलं, झाला सूड, आता उठायचं. पण त्या नटांपैकी एक जण उठून उभे राहिले. बापाचं काम करणारे ते वयस्कर गृहस्थ होते. चेहरा लाल झालेला.

"असं नाही हो!" ते ओरडले. "तिथं बाप बोलत नाही. तिथं त्याला वाक्यच नाहीये!"

व्यवस्थापक म्हणाला, "राहू द्या, बस उभी आहे."

"उभी राहू दे. वाक्य नाही म्हणून तुम्ही इथं दर वेळी तोच अंक कापता. माझं खरं काम तेवढंच आहे!" त्यांनी गळ्यातला हार काढून अप्पांच्या हातात दिला, मन्मथअप्पांकडून बॅग घेऊन लेकीचं काम करणाऱ्या नटीला दिली आणि म्हणाले, "ये."

ती दारातून आत आली. ते बघत राहिले. मग हळू जाऊन त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली. ठेवायला गेले, पण ठेवली नाही. ती पोटाशी धरून तसेच उभे राहिले आणि कोपराने मागचं दार लोटून घेतलं. डोक्यावर तो अर्धवट सुटलेला फेटा होता, आणि तरीही कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी इरकल नेसलेले मन्मथअप्पा पदराने डोळे पुसत होते. मीही रडत होते.

अप्पांच्या हातात शाल होती, पण ती घालायचं त्यांना सुचलंच नाही. ते खाली येऊन अक्कांजवळ बसले, मागोमाग मीही. अक्कांनी विचारलं, "हे असं रोज असतंय व्हय?"

"रोज न्हाई," अप्पा म्हणाले. "कवातरी. त्याच्यासाठी बाकीचं बघायचं."

त्या संध्याकाळी अख्खी कंपनी अप्पांकडे जेवली, व्यवस्थापकसुद्धा. पुढे ते वयस्कर नट दर दिवाळीला अप्पांना फोन करत राहिले. अक्का मात्र त्यानंतर एकही नाटक चुकवत नव्हत्या आणि परत येताना अप्पांशी भांडत, कोण चांगलं, कोण वाईट.

अप्पा गेले त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं. जो तो येऊन अक्कांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत होता आणि अक्का नुसत्या मान हलवत होत्या. तेवढ्यात त्या वयस्कर नटांचा फोन आला. मीच उचलून अक्कांना दिला. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील, पण पलीकडून आवाज येईना. फोन तुटला असेल म्हणून मी हात पुढे केला, तर अक्कांनी मला थांबवलं. "हायत ते," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्या मोकळेपणी रडल्या.