छतातून बोलणारी बाई

हॉलमधली सगळी माणसं एकदम छताकडे बघायला लागली तेव्हा मला वाटलं, पाणी गळतंय.

मी शेजारच्या किचनमध्ये बसले होते. इंग्लंडातल्या मेडनहेडच्या एका क्रिकेट क्लबचा हॉल. चहा द्यायची जी खिडकी असते तिच्यातून मला स्टेज दिसत होतं. कानांवर मोठे हेडफोन, समोर आवाजाचा छोटा मिक्सर आणि त्याला खेटून क्लबवाल्यांची किटली. आमचा कार्यक्रम लाइव्ह चालू होता. स्टेजवर रोहन. मी बटण दाबून त्याच्या कानात बोलले, की पब्लिक वर बघे. मी थांबले, की पब्लिक खाली. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा कळलं, हे पाणी नाही.

पण आधी माझं काम सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

मी मँचेस्टरमधल्या एका छोट्या स्पोर्ट्स ऑडिओ कंपनीत प्रोड्यूसर आहे. आम्ही अमेरिकन फुटबॉलवर फोन-इन कार्यक्रम करतो. हो, तोच, हेल्मेट घालून एकमेकांना आडवं करतात तो. इंग्लंडात त्याचे चाहते भरपूर आहेत. त्यांची टीम समुद्रापलीकडे, त्यामुळे मॅचला जाणं होत नाही, म्हणून सगळा जोर भांडणावर. प्रोड्यूसर म्हणजे गं काय, असं माझी पुण्याची मावशी दर वेळी विचारते. सोपं आहे. रेडिओवर जो हुशार वाटतो, त्याच्या हुशारीची तयारी जी करते ती प्रोड्यूसर.

आमच्याकडे टॉकबॅक नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की माझा आवाज फक्त प्रेझेंटरच्या कानातल्या इअरपीसमध्ये जातो. मी बोलायचं, त्याने लगेच ते आपल्या शब्दांत लोकांना सांगायचं. लोक म्हणतात, वा, काय डोकं आहे! डोकं स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे बसून गार चहा पीत असतं.

आणि आता रोहन. हाउन्सलोत वाढलेला, आईवडील ठाण्याचे, हा इथलाच. स्टुडंट रेडिओवर विनोद करायचा, तिथून आमच्या बॉसने, ग्रॅहमने, त्याला उचलला. आल्याआल्या मला म्हणाला, "ताई, तू माझा बॉस का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, मी तुझा मेंदू." तो खो खो हसला. तो कशालाही हसतो. आणि तो हसला की ऐकणारा माणूस गाडीत एकटा असला तरी हसतो, हे मला मान्य करावं लागतं. दात ओठ खाऊन करावं लागतं, पण करावं लागतं.

स्पष्टच सांगते, माझा त्याच्यावर जळफळाट होत होता. त्याला ह्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी वर्षानुवर्षं कॉलेजच्या मॅच बघितल्या, खेळाडूंची लांबी-रुंदी पाठ केली, आणि फॅन मेसेज कोणाला करायचे? "रोहन, यू जीनियस!" मी ते मेसेज स्क्रीनवर वाचायचे आणि त्याला दाखवायचे. कारण तेही माझंच काम.

त्यात शनिवारचा मोठा कार्यक्रम रिकामा झाला. जुना प्रेझेंटर सोडून चालला होता. मी ग्रॅहमला सांगितलं, मला हवाय. रोहननेही मागितला होता. ग्रॅहम म्हणाला, "मेडनहेडनंतर ठरवू." त्याचं हे 'ठरवू' मी पूर्वीही ऐकलंय. प्रत्येक वेळी पुढे एकच वाक्य येतं: "अनघा, तू काचेमागे फार मोलाची आहेस."

मेडनहेडला होतं काय, तर ड्राफ्टच्या आधीचा शनिवार. ड्राफ्ट म्हणजे सीझन संपल्यावर कॉलेजमधले नवे खेळाडू वाटून घ्यायचे. सगळ्यांत वाईट खेळलेल्या क्लबने पहिल्यांदा निवडायचं, मग त्याच्यापेक्षा बऱ्याने, असं ओळीने. ह्या नंबराला पिक म्हणतात. गंमत अशी की नंबर विकता येतो. आजचा वरचा नंबर दुसऱ्या क्लबला द्यायचा आणि बदल्यात त्यांचे खालचे दोन-तीन नंबर घ्यायचे, त्यातले काही पुढच्या वर्षीचे. ह्याला ट्रेड डाउन म्हणतात. ज्या क्लबच्या इथल्या फॅन्सनी तो हॉल घेतला होता, त्याच्याकडे दुसरा नंबर होता. प्रश्न एवढाच, की त्या नंबरावर नवा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा हिरो, उचलायचा की नंबर विकायचा. एवढ्याशा गोष्टीवर ती माणसं महिनाभर एकमेकांशी धड बोलत नव्हती.

माझं मत पक्कं होतं. विका. आणि ते मत अर्थातच रोहनच्या तोंडून जाणार होतं.

आता ह्यात एक खास आमची दोघांची पद्धत. मी त्याच्या कानात मराठीत बोलते. इंग्रजी बोलता बोलता कानात इंग्रजीच आलं की तो गडबडायचा. एकदा त्यानेच सुचवलं, "ताई, तू मराठीत सांग ना. ते माझ्या डोक्यात वेगळा जागेवर जातं. आजी ओरडते तिथे." तेव्हापासून मराठी. त्याला बोलता तोडकंमोडकं येतं, पण समजतं सगळं.

तर स्टेजवर वाद रंगला. पहिल्या रांगेत कीथ नावाचे आजोबा. हीथ्रोवर बॅगा चढवण्यात आयुष्य गेलेलं, अंगात क्लबची विटलेली जर्सी. ते म्हणाले, "क्वार्टरबॅक घ्या. विषय संपला."

मी बटण दाबलं. "रोहन, त्यांना सांग, आपली ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे चाळणी आहे. सेकंड पिकला क्वार्टरबॅक आणलास तर तो उभा कुठे राहणार? आधी त्याला वाचवणारे धिप्पाड गडी आणा."

माणसं वर बघायला लागली. रोहन बोलला, "कीथ, आपली ऑफेन्सिव्ह लाइन चाळणी आहे. क्वार्टरबॅक उभा कुठे राहणार?"

कीथ काहीतरी म्हणाले. मी परत बटण दाबलं. "त्यांना म्हणावं, सेकंड पिक विकला तर तीन पिक मिळतात. त्यातला एक नेक्स्ट इयर फर्स्ट राउंडचा, वरचा नंबर." माणसं वर. रोहन: "सेकंड पिक विकला तर तीन पिक मिळतात, कीथ." माणसं खाली. तिसऱ्या वेळीही तेच.

तेवढ्यात कीथ उठून उभे राहिले. छताकडे बोट केलं. "एक मिनिट. छतातली बाई आधी काहीतरी बोलते. त्यात 'सेकंड पिक' असतं. मग तू तेच इंग्लिशमध्ये बोलतोस. तू दुभाषी आहेस का रे?"

हॉलमध्ये हशा पिकला. मी हेडफोन काढले आणि छतातल्या स्पीकरमधून माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं: "अगं बाई, हे काय झालं!" बटण अजून दाबलेलंच होतं.

झालं होतं एवढंच. हॉलच्या स्पीकरला फक्त कार्यक्रमाचा आवाज जोडायचा असतो. आमच्या इंजिनिअरने, स्टुअर्टने, घाईत रोहनच्या कानाचा आवाज जोडला होता. प्रेझेंटरच्या कानात कार्यक्रम असतो आणि शिवाय प्रोड्यूसर असते. टेस्टिंगच्या वेळी मी बटण दाबलंच नाही, त्यामुळे दोन्ही आवाज सारखेच वाटले. स्टुअर्ट हॉलच्या कोपऱ्यात कपाळाला हात लावून उभा होता. त्याच्या शेजारी ग्रॅहम, चेहरा पांढराफटक.

मला वाटलं, गेलं. शनिवार गेला, नोकरीही गेली.

रोहन हसत सुटला. हसू आवरलं तसा माइकवर म्हणाला, "मंडळी, ही अनघा. मी आजवर जे जे शहाणपणाचं बोललो ते सगळं हिचं. माझा स्वतःचा फक्त शर्ट आहे. ताई, बाहेर ये ना! ये!"

मी गेले. हातात चहाचं फडकं होतं, ते ठेवायचंही सुचलं नाही. टाळ्या काय, शिट्ट्या काय. कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी माइक दिला. आणि मग मी जी सुटले! ह्या कॉलेजचा गार्ड, त्या कॉलेजचा टॅकल, कुठल्या क्लबला काय हवंय, कोण किती देईल. इंग्रजीत, माझ्या स्वतःच्या आवाजात. जे नंबर विकायच्या विरुद्ध होते तेही पुढे सरकून ऐकायला लागले. काय सांगू, असं सुख मला लग्नाच्या हॉलमध्येही झालं नव्हतं.

शेवटी कीथ म्हणाले, "तू हुशार आहेस, लव्ह." इकडे म्हातारी माणसं कुणालाही लव्ह म्हणतात. "पण तू सांगतेस, आज सोडा, पुढच्या वर्षी जास्त मिळेल. मी म्हातारा माणूस. मला पुढचं वर्ष कोण देणार? आणि तू गं? तू त्या किचनमध्ये किती वर्षं आहेस?"

मी तोंड उघडलं आणि शब्दच येईना. रेडिओवर अशा शांततेला डेड एअर म्हणतात आणि तिला आम्ही यमासारखे घाबरतो. माझ्या कानात इअरपीस नव्हता. सांगणारं कोणी नव्हतं. अखेर मी म्हटलं, "जरा जास्तच वर्षं, कीथ." हॉल हसला. मी नाही.

सोमवारी ग्रॅहमने केबिनमध्ये बोलावलं. खूश होता. त्या कार्यक्रमाच्या क्लिपा सगळीकडे फिरत होत्या.

"शनिवार रोहनला देतोय," तो म्हणाला.

"काय?"

"त्याने काय केलं बघितलंस ना? दुसऱ्या कोणी घाबरून जाहिरात लावली असती. ह्याने तुला स्टेज दिलं. एवढं मोठं मन लागतं प्रेझेंटरला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे वर्षानुवर्षं डोकं माझं, श्रेय त्याचं. आणि ज्या दिवशी डोकं माझं आहे हे जगाला कळलं, त्या दिवशी ते कळू दिल्याचं श्रेयसुद्धा त्याचंच!

ग्रॅहम पुढे बोलतच होता. "तुझ्यासाठीही आहे ना. मंगळवारी एक छोटा ड्राफ्ट सेगमेंट. उन्हाळ्यात कोणी सुट्टीवर गेलं की त्याच्या जागी तू. आणि पुढच्या वर्षी शनिवारचं परत बघू."

मी मोजलं. एक आजचा द्यायचा, तीन पुढचे घ्यायचे.

"ग्रॅहम, तू मला ट्रेड डाउन करतोयस."

तो मिश्कील हसला. "शनिवारी तूच तर तासभर सांगत होतीस की तेच शहाणपणाचं."

"क्लबला सांगत होते. क्लबला पुढच्या वर्षीचा नंबर लेखी मिळतो. मला तुझं 'बघू' मिळतं." माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "शनिवारी मी काचेच्या पलीकडे बसेन, माइकसमोर. रोहनच्या शेजारी बसव, मला चालेल. पण अलीकडे बसून त्याच्या कानात बोलणार नाही. त्यासाठी दुसरं कोणीतरी शोध."

ग्रॅहमने विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"तर रोहन शनिवारी स्वतःच्या डोक्याने बोलेल."

त्याने खिडकीबाहेरची ट्रॅम जाऊ दिली. मग त्याने रोहनला आत बोलावलं आणि विचारलं, अनघा शेजारी बसली तर चालेल का.

"चालेल काय? मस्तच!" रोहन म्हणाला. "ताई, मी घरी सांगितला पण होतं, की तू पाहिजे." त्याला कणभरही वाईट वाटलं नाही. मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हतंच. माणसाने इतकं चांगलं असू नये, शेजारच्याला त्रास होतो.

गुरुवारचा ड्राफ्ट झाला. क्लबने नंबर विकला. माझ्या सांगण्यावरून नाही, पण विकला, आणि तीन मिळवले, तिन्ही ह्याच वर्षीचे. शनिवारी मी पहिल्यांदा माइकसमोर बसले. पहिला फोन कीथ आजोबांचा. "तीन अनोळखी पोरं! खूश का, लव्ह?" मी म्हटलं, "क्लबसाठी खूश आहे, कीथ. मी स्वतः माझा नंबर नाही हो विकला." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

काचेमागे आता मेगन आहे, ग्लासगोची, माझ्याच वयाची, आधी आमच्या दुसऱ्या कार्यक्रमावर होती. त्या दिवशी कीथशी बोलता बोलता माझ्या कानात तिचा आवाज आला. त्या तिघांपैकी एकाचा गुडघा कॉलेजात दुखावला होता, हे सांग. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी ते माझ्या शब्दांत सांगितलं आणि लगेच स्क्रीनवर मेसेज आला: "अनघा, काय डोकं आहे!"

रोहन माझ्याकडे बघून नुसता हसत होता.

"हे मेगनचं आहे," मी माइकवर म्हटलं. काय करणार? ह्या कार्ट्याने पायंडाच तसा पाडून ठेवलाय. तो म्हणतो तेव्हा त्याला मोठं मन म्हणतात, मी म्हटलं तेव्हा कुणीही काही म्हणालं नाही.

काचेमागून मेगनने हात हलवला. तोंडभर हसली, पण नजर माझ्या खुर्चीवर होती. ती नजर मी चांगली ओळखते, इतकी वर्षं मी तिथूनच बघत होते. तेव्हापासून मी शनिवारची एकही सुट्टी घेतलेली नाही.