देवळालीचे हवालदार आणि माझ्या जीपचं इंजिन

माझी शाळा पेठ रस्त्यावरच्या घाटाखाली, एका पाड्यावर आहे. सकाळी घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढून पंचवटीत घरी यायचं, असं माझं सोळा वर्षं चाललंय. गाडी वडिलांची जुनी डिझेल जीप. त्यांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हिला घाई करू नकोस, ती पोचवते." शाळेतले आणखी तिघे शिक्षक माझ्याबरोबर येतात. चढावर मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जायचे. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून, गप्पा मारत चढायचो. त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे.

एका दुपारी शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पोट धरून चुलीपाशी बसल्या. त्यांना उभं राहता येईना. अँब्युलन्सला फोन केला तर ती दुसरीकडे गेलेली. मी मावशींना जीपमध्ये आडवं केलं आणि नाशिककडे निघाले. गणिताचे सर मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. घाटाच्या मधल्या वळणावर जीप पहिल्या गिअरवर आली. मी पाय पूर्ण दाबला होता आणि रस्त्याच्या कडेने एक म्हातारा गुरं घेऊन चालला होता, तो आमच्या बरोबरीने चालत होता. मावशींनी डोळे उघडले, खिडकीतून त्या गुरांकडे पाहिलं आणि त्या अवस्थेत मला म्हणाल्या, "बाई, मी उतरून ढकलू का?"

सर हसले, मग रडले. मला मात्र हसू आलं नाही. अपेंडिक्स होतं. वेळेत ऑपरेशन झालं, मावशी महिन्याभरात पुन्हा कामावर आल्या. पण त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मी ठरवलं की या गाडीला ताकद द्यायची.

कशी द्यायची, हे मला ठाऊक नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडण्याआधीच सांगितलं, "मॅडम, हे काढून टाका. दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून देतो, घाट टॉप गिअरमध्ये चढाल." गणिताच्या सरांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी कुठे कुठे वाचून ठेवलं होतं की आहे त्या इंजिनाला टर्बो लावता येतो, हवा थंड करणारा कूलर लावता येतो, सायलेन्सरचा पाइप मोठा करता येतो आणि मूळ इंजिनाला हात लावावा लागत नाही. माझं मन मोठ्या इंजिनाकडे होतं. गुरांच्या बरोबरीने चालणं मला पुन्हा नको होतं.

तेव्हा कुणीतरी देवळाली कॅम्पच्या हवालदार काकांचं नाव सुचवलं. फौजेत तीस वर्षं गाड्या दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी एकच गाडी घेत. मदतीला फक्त काकू. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काका एका गाडीखाली आडवे होते. खालून नुसता हात बाहेर यायचा, काकू त्यांच्या हाताकडे बघून विचारायच्या, "चौदा?" आणि पाना त्यांच्या तळव्यावर ठेवायच्या. तासाभरात मी त्यांना एकदाही चुकीचा पाना देताना पाहिलं नाही.

मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "काका, इंजिन बदलू की टर्बो लावू?"

ते हात पुसत म्हणाले, "तुम्ही शाळेत कधी जाता?"

"रोज सकाळी."

"उद्या मी येतो."

आणि खरंच आले. सकाळी पहिल्या बसने देवळालीहून पंचवटीत आले, पुढच्या सीटवर बसले. दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी घाट सुरू झाला तसं त्यांनी आम्हाला गप्पा थांबवायला सांगितल्या. डोळे मिटून ते इंजिन ऐकत होते. वर पोचल्यावर उतरले, चारही चाकांच्या मधल्या भागाला एकेक करून हात लावला आणि मागच्या डाव्या चाकापाशी चटका बसताच हात मागे घेतला.

"याचा ब्रेक सुटतच नाही," ते म्हणाले. "तुम्ही ब्रेक लावून घाट चढताय. आणि हे टायर कुणी घातले?"

टायर मी घातले होते. दुकानदाराने मोठे टायर रुबाबदार दिसतात म्हणून सांगितलं होतं.

"मोठं चाक म्हणजे इंजिनाला दर फेऱ्यात जास्त रस्ता ओढायचा. बिचारं तुमच्या रुबाबाचं ओझं वाहतंय."

इतक्या सरळपणे मला कुणी माझी चूक सांगितली नव्हती, आणि त्यात टोचणारं काहीच नव्हतं. त्यांनी आधी ब्रेक नीट केले, मूळ मापाचे टायर घालायला लावले, हवेचा फिल्टर बदलला, डिझेल पंपाचं टायमिंग लावलं. दुसरं काहीच केलं नाही. जीप त्या वळणावर पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर आली. मग ते म्हणाले, "आता बोलू. ही तुमच्या गाडीची खरी ताकद. एवढी पुरत नसेल तर पुढचा विचार."

शेडमध्ये काकूंनी स्टूल दिलं आणि काका मला समजावू लागले. मोठं इंजिन घातलं की पुढचं वजन वाढणार, मग स्प्रिंगचे पाटे बदला. जुना गिअरबॉक्स तो जोर सोसणार नाही, तो बदला. वेग वाढला की आधी थांबता यायला हवं, म्हणून ब्रेक बदला. मोठा रेडिएटर घाला. आरटीओची आधी परवानगी काढा, मग पुन्हा तपासणी. "एवढं सगळं झाल्यावर वडिलांच्या जीपमधली नंबर प्लेट तेवढी उरेल," ते म्हणाले. "टर्बो साधा असतो. धूर वाया जातोच आहे, त्यावर एक छोटा पंखा फिरवायचा, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. मी बेताचाच लावतो. तुम्हाला शर्यत लावायची नाही, घाट चढायचाय."

मला पटलं. त्यांच्यावर विश्वास बसावा असंच त्यांचं काम होतं. काढलेला प्रत्येक नट पांढऱ्या कापडावर, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ठेवत. टर्बोच्या तेलाची नळी बसवल्यावर अर्धा दिवस इंजिन चालवून नळीखाली कागद धरून बसले. कागदावर थेंब पडला नाही तेव्हा उठले.

पुढचे दोन महिने सुखाचे गेले. त्या मधल्या वळणावर आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढत होतो. मावशी मुद्दाम एकदा नाशिकला यायला निघाल्या, खिडकीत बसल्या आणि एका ट्रकला मागे टाकलं तेव्हा त्यांनी त्या ड्रायव्हरला हात केला.

एप्रिलच्या एका दुपारी, शाळा सकाळची असल्यामुळे भर उन्हात परतत होतो. घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटखालून पांढरी वाफ आली. मी गाडी कडेला घेतली. काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "इंजिन बंद ठेवा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. मी येतो." देवळालीहून नाशिक, नाशिकहून पेठ बस, अशा दोन गाड्या बदलून साडेतीन तासांनी ते घाटात उतरले. खांद्यावर पिशवी, हातात पाण्याचा कॅन. सहासष्ट वर्षांचा माणूस.

त्यांनी झाकण काढलं, पाणी भरलं, मला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन सुरू झाल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येऊ लागले. काका बराच वेळ त्या बुडबुड्यांकडे बघत राहिले.

सर म्हणाले, "ऊनच इतकं आहे काका, कुठलीही गाडी तापेल."

मीही म्हणाले, "मीच जरा जास्त पळवली असेल."

आम्ही दोघांनी त्यांच्यासाठी दोन वाटा उघडून ठेवल्या होत्या. त्यांनी एकही घेतली नाही. "उन्हाचा संबंध नाही," ते म्हणाले. "तुमचाही नाही. सिलिंडरची हवा पाण्यात जाते आहे. आत काहीतरी फुटलंय. आधीपासून असेल तर मला दिसायला हवं होतं."

जीप टेम्पोला बांधून देवळालीला नेली. रविवारी मी गेले तेव्हा काकांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढायला घेतलं होतं. काकू नेहमीच्या जागी पाने घेऊन बसल्या होत्या. हेड उचललं गेलं तेव्हा खालच्या लोखंडात, म्हणजे ब्लॉकमध्ये, दोन सिलिंडरच्या मध्ये, केसाएवढी एक चीर दिसली. तिच्यावर जुन्या डागडुजीची खूण होती. कधीतरी, बहुधा माझ्या वडिलांनी गाडी घेण्याच्याही आधी, कुणीतरी ती बुजवून टाकली होती. मूळच्या ताकदीवर ती तशीच राहिली असती. टर्बोच्या जोराने ती उघडली.

काकूंनी वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "टर्बो लावायच्या आधी हेड उघडलं होतंत का?"

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही. आवाज ऐकून ठरवलं."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, माझं चुकलं. फौजेत हाताखालच्या जवानाने हे केलं असतं तर मी त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या. माझा कान चांगला आहे, हे मला फार दिवस सगळे सांगत आले. हा ब्लॉक गेला. आता इंजिनच बदलायचं, पहिल्या दिवशी तुम्ही म्हणत होता तेच. आणि ते मी करणार, दुसऱ्या कुणाकडे देऊ नका."

मी मोठमोठ्या पदांवरची माणसं पाहिली आहेत. तपासणीला येतात, चुकीचा आकडा सांगतात आणि तोच आकडा आम्हाला लिहायला लावतात. त्या पत्र्याच्या शेडमध्ये, बायकोसमोर आणि गिऱ्हाइकासमोर, इतक्या सरळ उभं राहून चूक कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, "काका, मग मोठंच घालूया ना?"

"नाही," ते लगेच म्हणाले. "मी एकदा चुकलो म्हणून तुम्ही चुकू नका."

मग त्यांनी शोध सुरू केला. त्याच कंपनीचं, पुढच्या मॉडेलचं, कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेलं इंजिन त्यांना हवं होतं. ताकद दीडपट, वजन जवळपास तेवढंच. अपघातात मागून चेपलेल्या एका गाडीचं इंजिन त्यांना सापडलं. कागदपत्रं पक्की होती. घेण्याआधी त्यांनी मालकासमोर हेड उघडायचा हट्ट धरला. मालक वैतागला, शेवटी तयार झाला. मी तिथे होते. काकांनी भिंग लावून प्रत्येक इंच पाहिला, मग भिंग काकूंच्या हातात दिलं. काकूंनी पाहिलं. त्यांनी मान हलवल्यावरच काकांनी हो म्हटलं.

आरटीओच्या परवानगीला वेळ लागला. सुट्टीनंतरचे दोन महिने आम्ही चौघं बसने शाळेत गेलो, आणि मावशी रोज विचारायच्या, "बाई, जीपचं ऑपरेशन झालं का?" इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स आला. इंजिन टेकवायचे ठोकळे काकांनी स्वतः कापून, वेल्डिंग करून बनवले. ब्रेकही बदलले. तपासणीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि साहेबांनी विचारण्याआधी प्रत्येक जोड दाखवत गेले. साहेब शेवटी म्हणाले, "काका, एवढं कुणी दाखवत नाही, लपवतात." नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढला.

पहिल्या चढाला काका पुढच्या सीटवर होते. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, त्यांची नजर काट्यावर होती. मधल्या वळणावर जीप तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढली, पायाखाली अजून बराच जोर शिल्लक होता आणि काटा मध्यावरून हलला नाही. मला आनंद झाला, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. वडिलांच्या इंजिनाचा तो दणदणाट आता नव्हता. घरी आल्यावर वडिलांनी अंगणात उभं राहून नवा आवाज ऐकला. "ही आपली नाही वाटत," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. त्यांनी चाचपत बॉनेटवरचा जुना पोचा शोधला, जो त्यांनीच कधीकाळी पाडला होता, आणि हात तिथेच ठेवला.

त्याच आठवड्यात पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर एक भागाकार चुकवला. एका मुलीने दबकत हात वर केला. एरवी मी म्हटलं असतं, "बघू, तुमचं लक्ष आहे का ते बघत होते." सोळा वर्षं मी तेच म्हणत आले होते. त्या दिवशी मी खडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "माझं चुकलं. तू कर." मग तिने तो भागाकार पूर्ण केला.

काकांचे गुडघे आता दुखतात. ते गाडीखाली शिरत नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून काकूच पाना फिरवतात आणि काका स्टुलावर बसून हातात हत्यारं देतात. गेल्या महिन्यात मी तेल बदलायला गेले तेव्हा काकू गाडीखाली होत्या. खालून त्यांचा हात बाहेर आला. काकांनी विचारलं, "बारा?"

"दहा," काकू खालून म्हणाल्या.