अस्वलाच्या कागदावरचं दुसरं पान

होडी धक्क्यापासून सुटली तेव्हा माझी बायको सुमन पदराने डोळे पुसत होती आणि सात वर्षांची रूपा मला कागदाबद्दल विचारत होती. खाडीपलीकडे एसटी, एसटीने मुंबई आणि तिथून विमानाने कुवेत, असा माझा ब्याण्णव सालचा प्रवास. रूपा नुकतीच जोडाक्षरं शिकली होती आणि दिसेल त्या कागदावर लिहीत सुटली होती. वाण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा तिने सोडले नव्हते. "बाबा, तिकडे कागद मिळतो का?" ती धक्क्यावरून ओरडली. मीही ओरडून सांगितलं, "चांगला कागद पाठवतो. तू लिही. मी एक अक्षर वाचायचं सोडणार नाही!" होडीवाला गालात हसला. असली आश्वासनं त्याने रोज ऐकलेली असणार.

मी पाइप फिटर. आखातातली लढाई संपून फार दिवस झाले नव्हते, रिफायनऱ्यांची डागडुजी जोरात होती आणि आमच्यासारख्या कोकणातल्या फिटर-वेल्डरना एजंट धडाधड पाठवत होते. कुवेतच्या खैतान वस्तीतल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. भिंतीला सहा खिळे, ज्याची त्याची पिशवी ज्याच्या त्याच्या खिळ्याला. मालवणकडचे गोविंदकाका वयाने सगळ्यात मोठे. भात कुणी लावायचा इथपासून गावी फोन कधी करायचा इथपर्यंत सगळं ते ठरवायचे, आणि आम्ही मुकाट ऐकायचो. घरापासून इतक्या लांब कुणीतरी आपल्याला ओरडतंय याचं बरंच वाटायचं.

शुक्रवारी सुट्टी. पहिल्याच महिन्यात शहरात फिरताना जपानी मालाचं एक दुकान दिसलं. काचेमागे अस्वलाचं पिल्लू होतं, एका गालात गोळी धरल्यामुळे तो गाल टम्म फुगलेला. पत्राचे कागद, पाकिटं, पेन्सिली, खोडरबर, सगळ्यावर तेच पिल्लू, आणि कागदाला चक्क दुधाच्या गोळीचा मंद वास. मी पाकिटांसकट कागदांचा एक संच घेतला आणि नाचत नाचत खोलीवर आलो, असं म्हटलं तरी चालेल.

तो संच दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून माझ्याबरोबर साइटवर आला. गावी निघालेल्या एकाच्या हाती तो द्यायचा होता. आमच्या साइटवर साठीकडे झुकलेला एक जपानी इंजिनियर होता, वेल्डिंग तपासण्यापलीकडे कुणाशी न बोलणारा. त्याने ते पिल्लू बघितलं आणि हात पुढे केला. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये त्याने सांगितलं ते असं, की ही त्याच्या लहानपणची गोळी. वेष्टनावर हेच पिल्लू असायचं. गोळी कधीच बंद झाली, पण लोक चित्र विसरेनात, म्हणून आता कंपनी ते कागदावर छापून विकते. "माय मदर," म्हणाला, आणि आपल्या गालावर बोट ठेवून उभा राहिला. म्हातारा जरा सटकलेला दिसतो, असं मला वाटलं. तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, मला काय कळणार होतं!

रूपाची पत्रं येऊ लागली. पाकिटावर अस्वल दिसलं की काका दारातूनच ओरडायचे, "अस्वल इला रे!" मग मी मोठ्याने वाचायचो आणि सगळी खोली ऐकायची. गाय व्याली, आईने कुळथाची पिठी केली, शाळेच्या छपराचा पत्रा उडाला. पेन्सिलीने लिहिलेली दोन-दोन पानं असायची. पहिल्या पानावर गावच्या बातम्या आणि दुसऱ्यावर तिला स्वतःला काय हवं ते, अशी तिची पद्धतच होती. दुसरं पान मी सगळ्यांना वाचून दाखवत नसे. ते माझं एकट्याचं.

तिसऱ्या वर्षी सुमनला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. गावातून कॅम्पच्या ऑफिसात फोन आला. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात जमा, प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं शटडाउन चालू, फोरमन म्हणाला, शटडाउन संपल्यावर बघू. मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं हे मला तेराव्या दिवशी कळलं, आणि तोवर तिकडचं सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रूपाचं पत्र आलं. पाकिटावर तेच हसरं पिल्लू. दुसरा कागद घरात नसणार. काका सवयीने ओरडायला गेले आणि अर्ध्यात थांबले. मी खाटेवर बसून पत्र उघडलं. "बाबा, आई गेली. शेवटच्या दिवशी ती मला ओळखत नव्हती, पण तुमचं नाव घेत होती." एवढंच वाचलं, आणि पुढची अक्षरं दिसेनात. काका शेजारी येऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "वाचलंस मा? मग आता फाडून टाक. असला पत्र खोलयेत ठेवूचा नसता."

मृत्यूची बातमी असलेलं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी आयुष्यात रीतीभाती फारशा पाळल्या नव्हत्या. ही मात्र लगेच पाळली. खोटं कशाला बोलू, मला पुढचं वाचायचंच नव्हतं, आणि काकांनी नकळत माझी सुटका केली. दोन्ही पानं एकावर एक ठेवून मी फाडली आणि खाली जाऊन कचऱ्याच्या पिंपात टाकली. मग रूपाला तात्पुरतं चिपळूणला घेऊन गेलेल्या तिच्या मामाला फोन केला. म्हटलं, पोरीला तुमच्याकडेच राहू दे, तिच्या शिक्षणाचं मी बघतो.

त्यानंतर अस्वल आलं नाही. एरोग्राम यायचं, परदेशी पाठवायचं ते घडीचं निळं पत्र. "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम." चार ओळी, सही. पोरगी शहाणी झाली, असं मी खोलीत अभिमानाने सांगायचो. गावी जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर कागदांचा नवा संच पाठवायचो. ती दहावी झाली, कॉलेजात गेली, आणि मी आपला अस्वलाचं पिल्लूच पाठवतोय! दर दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो की ती पाणी आणून द्यायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची आणि मामीजवळ जाऊन बसायची.

दोन हजार सात साली तिचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी दुपारी मी मामाच्या घरी तिच्या कपाटात कात्री शोधत होतो. खालच्या कप्प्यात सगळे संच एकावर एक रचलेले, एकाचंही प्लॅस्टिक फोडलेलं नाही. मी हसून म्हटलं, "इतकी वर्षं जपून ठेवलेस?"

"जपले नाहीत," रूपा म्हणाली. "वापरले नाहीत. एकदा मागितलं होतं, ते तुम्ही दिलं नाहीत. मग परत कशाला लिहायचं?"

"काय मागितलं होतंस?"

"आई गेली तेव्हा. दुसऱ्या पानावर. मला मामाकडे ठेवू नका, तुम्ही या, नाहीतर मला तिकडे न्या. रोज पोस्टमनची वाट बघत होते. मग कळलं, तुमचा मामाला फोन आला होता. म्हटलं, हेच आपलं उत्तर."

विसरलो असं म्हणता आलं असतं. पत्र मिळालंच नाही, असंही खपलं असतं. मी सांगितलं, "रूपा, दुसरं पान मी वाचलं नाही. तसंच फाडलं."

"न वाचता?"

"हो."

तिने हातातली साडी घडी करून पेटीत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा घडी केली. मग शांतपणे विचारलं, "वाचलं असतंत तर आला असतात?"

तेवढ्यात हळद लावायला बायका आल्या आणि ती उठून गेली. मी कुवेतला निघायच्या दिवशी मात्र तिने त्यातलाच एक संच माझ्या बॅगेत ठेवला. "आता तुम्ही लिहा," एवढंच म्हणाली.

तो संच खैतानमध्ये माझ्या खिळ्याला दोन वर्षं लटकत होता. काका गावी परतले आणि तिथेच वारले. खोलीत आता सगळी नवी माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, पत्राची वाट कुणी बघत नाही. तुमच्यापैकी जे गावी मागे राहिले, त्यांना वाटतं आम्ही तिकडे रमलो. जे माझ्यासारखे आले, त्यांना माहीत आहे की आमच्या डोक्यात घरातली माणसं निघालो त्या दिवशी होती त्याच वयाची राहतात. त्या जपानी म्हाताऱ्याची आठवण आता मला फार येते.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी ते प्लॅस्टिक फोडलं. कागदाचा वास उडून गेला होता. पहिल्या पानावर तब्येत, धूळ, गुडघा, खोलीतल्या बातम्या लिहिल्या. दुसऱ्या पानाला सकाळची दुपार झाली. त्यावर लिहिलं, "रूपा, वाचलं असतं तरी मी आलो नसतो. मला नोकरीची भीती होती, आणि सुमन नसलेल्या घराची त्याहून जास्त. असलं पत्र फाडून टाकायची काकांनी सांगितलेली रीत हे नुसतं निमित्त होतं. बाबा."

टपालात टाकल्यावर वाटलं, आता उरलंसुरलंही संपलं. गावचं घर बंद, दारावर कुलूप, किल्ली शेजाऱ्यांकडे. घर कुठे असं कुणी विचारलं की मी अजून तेच गाव सांगतो, पण तिथे माझी वाट बघणारं कुणी नाही.

बारा दिवसांनी तिचा फोन आला.

"पत्र मिळालं," ती म्हणाली.

"दोन्ही पानं?"

"हो. दुसरं आधी वाचलं."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, माझ्याकडे कुणीतरी दार आपटलं. फोन ठेवेल असं वाटत असताना ती म्हणाली, "फाडलं नाही, बाबा. कपाटात ठेवलंय."