गुरुलिंग मिस्त्रीचे सुटे छर्रे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या गुरुलिंग मिस्त्रीला सगळी पेठ अण्णा म्हणायची. माणूस मूळचा सीमेवरच्या मैंदर्गीचा. घरात कानडी, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. दुकान म्हणजे एक ओसरी, छताला टांगलेल्या रिमा, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. त्या बाकड्यावर जेवढे वाद झाले तेवढे कोर्टातसुद्धा झाले नसतील.

वाद बहुतेक एकाच गोष्टीवरून. सायकलीची दोन्ही पायडलं ज्या आडव्या दांड्यावर फिरतात, तो दांडा सांगाड्याच्या नळीत दोन वाट्यांमध्ये बसवलेला असतो. सायकलवाले या सगळ्या भागाला बीबी म्हणतात. वाट्यांत ग्रीस, आणि ग्रीसमध्ये छर्रे, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्या. आता हे छर्रे सुटे भरायचे, की पत्र्याच्या जाळीत बसवून आलेले तयार घालायचे, यावरून सोलापुरात तेव्हा दोन पक्ष होते. मतं मागणारे पक्ष फुटले, पण हे फुटले नाहीत.

वळसंगचा महिपती रोज दुधाच्या किटल्या लादून गाडीवाटेनं शहरात यायचा. तो म्हणायचा, "सुटं ते सुटं. आमच्या काळ्या रानातनं भरल्या किटल्या घिऊन या की एकदा, मग सांगा मला जाळीचं कवतिक."

भीमा पोस्टमन लगेच तोंड घालायचा. "तुझ्या किटल्या तुला लखलाभ. जाळी टाकली की च्या पिऊस्तवर सायकल हातात मिळती. तुमच्या सुट्यापायी अर्धा दिस हितं बसावं लागतंय, पत्रं कोण वाटणार?"

मग अण्णा पान्हा आपटायचा. "माझ्या दुकानात जाळी मिळणार न्हाय. जाळी पायजे त्यानं पुण्याला जावं." विषय संपला, चहा आला.

अण्णाच्या अंगी एक विद्या होती. बीबी खोलली की आतली मळी तो बोटावर घेऊन चोळायचा आणि सायकल कुठं कुठं फिरली ते सांगायचा. वळसंगची काळी माती बोटाला चिकटून बसायची, मैंदर्गीकडचा मुरूम खरखरायचा. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायचे आणि बहुतेक वेळा हरायचे.

दुसरी विद्या मात्र त्यानं झाकून ठेवली होती. वाटीत मावतील तेवढे छर्रे भरायचे आणि मग त्यातला एक काढून घ्यायचा. त्या एकाच्या मोकळ्या जागेवर बाकीचे सगळे सुखानं फिरतात. गच्च भरले तर एकमेकांना घासून घासून शेवटी अडकतात. ही गोष्ट गावातल्या दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. पण अण्णाला वाटायचं, ही आपली एकट्याची. तो एक छर्रा काढताना तो पाठ वळवायचा आणि छर्रा मुठीत दाबायचा. सख्ख्या भावालासुद्धा त्यानं ती मूठ उघडून दाखवली नव्हती.

भाऊ म्हणजे चनबसप्पा. वडील वारले तेव्हा तो चड्डीला दोरी बांधायच्या वयाचा. अण्णानं त्याला वाढवलं, आणि त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. चनबसप्पा पंक्चर काढायचा, तारा ओढायचा, वाकड्या चाकाचा आऊट काढायचा. पण बीबी खोलायची वेळ आली की अण्णा म्हणायचा, "सर बाजूला." मिसरूड फुटलं तरी "सर बाजूला". मुलीकडची माणसं बघायला यायला लागली तरी "सर बाजूला".

अशा माणसानं करावं तरी काय? चनबसप्पानं एक दिवस बाजारातून जाळ्या आणल्या. जाळीत किती भरायचे नि किती काढायचे हा प्रश्नच नसतो, ते कारखान्यातच ठरून येतं. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्यानं पोतं अंथरलं आणि जाळीची बीबी बसवायला लागला. भीमा पोस्टमन आपला चहाचा कप घेऊन तिकडं सरकला. एका ओसरीत दोन दुकानं झाली. जेवायला दोघं शेजारी बसायचे, पण बोलणं "चटणी सरकव" एवढंच.

एकाहत्तर साली संक्रांत झाल्यावर तालमीतल्या पोरांनी सायकलची शर्यत ठेवली. पेठेतून निघायचं, डांबरी सोडून गाडीवाटेनं, ओढ्यातनं वळसंग गाठायचं आणि तसंच परत. चनबसप्पा सायकलीवर बसला की मांड ठोकून बसायचा. पेठेनं त्याच्या नावाचा हार आधीच सांगून ठेवला होता.

आदल्या दिवशी दिवेलागणीला तो सायकल घेऊन अण्णापुढं उभा राहिला. "अण्णा, उद्या शर्यत हाय. बीबीवर एकदा तुझा हात फिरव की."

खरं तर अण्णाला मनातून बरं वाटलं. पण बरं वाटलेलं दाखवील तर तो अण्णा कसला! मान वर न करता तो म्हणाला, "आत जाळी हाय न्हवं? जाळीला माझा हात लागणार न्हाय. काढून टाक, मग बगू."

चनबसप्पा सायकल ढकलत मागच्या अंगणात गेला.

सकाळी अण्णानं दुकान उघडलं तर फळीवरच्या सुट्या छर्र्यांच्या डब्याचं झाकण बाजूला पडलेलं. उंदरांना दोन शिव्या हासडून त्यानं ते लावून टाकलं. तेवढ्यात चनबसप्पा आला. सायकल धुऊन पुसून लख्ख केलेली, बोटं ग्रीसनं काळी.

"अण्णा, जरा बगतो का? म्या रात्री—"

"जा आता, उशीर हुईल," अण्णा म्हणाला आणि घमेल्यात पाणी ओतायला वळला. पोरगं मोठेपणा मिरवायला आलंय असं त्याला वाटलं. हारानिशी परत येईल तेव्हा बोलू, असं मनाशी म्हणाला.

चनबसप्पा वळसंगपर्यंत पोचलाच नाही. अलीकडच्या ओढ्यातून वर येताना तो पायडलांवर उभा राहून जोर लावत होता, आणि पायडलं एकाएकी जागच्या जागी अडकली. तो हँडलवरून दगडांत गेला. गुडघ्याचा चुरा झाला.

महिपतीनं बैलगाडीत घालून आधी त्याला दवाखान्यात पोचवलं, मग सायकल दुकानात आणली. पेठ गोळा झाली. महिपती म्हणाला, "खोलून तरी बगा अण्णा, काय झालंय त्ये."

"खोलायला कशाला पायजे?" अण्णा चार माणसांत म्हणाला. "आत काय हाय मला ठावं हाय. जाळी फुटली."

दवाखान्यातही, भाऊ पाय बांधून पडलेला असताना, त्याच्या उशाशी बसून हा म्हणाला, "बगितलंस? ऊर फुटुस्तवर सांगत हुतो. जाळीनं घात केला."

 चनबसप्पा "व्हय अण्णा" म्हणाला आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

पाय काही सरळ झाला नाही. चनबसप्पा मैंदर्गीला गेला, न उघडलेली सायकल एसटीच्या टपावर टाकून. तिथं त्यानं लहानसं दुकान मांडलं, पण सायकलीचं नाही, मीठ-मिरचीचं. वळसंगच्या चंद्रव्वाशी त्याचं लग्न झालं. अण्णा गेला, अक्षता टाकल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. पाहुणे गेले तसा. नंतर जायचं जायचं म्हणत राहिला. पण दुकानात कुणी जाळीचं नाव काढलं की भावाची गोष्ट मात्र न चुकता सांगायचा. ऐकणारं गिऱ्हाईक मुकाट्यानं सुटे छर्रे भरून घ्यायचं.

अठ्ठ्याहत्तर साली काविळीनं चनबसप्पा गेला. मातीला अण्णा गेला, रडला. आणि काही दिवसांनी चंद्रव्वा तीच सायकल घेऊन शुक्रवार पेठेत आली.

"माझ्या भावाला गिरणीत काम लागलंय, भावजी. वळसंगावनं रोज यायचं म्हणल्यावर त्याला सायकल पायजे. पायडल फिरत न्हाय. तितल्या मिस्त्रीला दावणार हुते, पण ह्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. म्हणायचे, अण्णा आल्यावर खोलंल."

अण्णानं सायकल ओसरीवर घेतली. बाकड्यावर महिपती बसला होता, त्याला त्यानं हाक मारली. "ये रं. जाळीचं तुकडं दावतो तुला."

पायडलांच्या दांड्या धरून ठेवणाऱ्या कॉटर, म्हणजे खिट्ट्या, ठोकून काढल्या. वाटी गंजून बसली होती, रॉकेल सोडून, दमानं, कितीतरी वेळानं ती सुटली. अण्णानं खाली ताट धरलं आणि सायकल आडवी केली.

ताटात छर्रे पडले. सुटे. वाळक्या ग्रीसचे, काळ्या मातीचे, एकामागून एक सुटे छर्रे. त्यात एक फुटून दोन तुकडे झालेला. अण्णानं नळीत बोट घालून चाचपलं, परत परत चाचपलं. जाळीचा पत्रा कुठंच नव्हता.

माती बोटाला चिकटली. ओढ्याजवळची, वळसंगची. त्या दिवसानंतर सायकल कुठंच फिरली नव्हती. अण्णाला फळीवरचं उघडं झाकण आठवलं. ग्रीसनं काळी झालेली बोटं आठवली. "म्या रात्री" म्हणून तोडलेलं बोलणं आठवलं, आणि पुढं काय होतं ते आता ऐकू आलं.

त्यानं वाटी पुसली आणि एकेक छर्रा तिच्यात मांडत गेला. फुटक्याच्या जागी नवा घातला. वाटी गच्च भरली. बोट शिरायला फट राहिली नाही. मावतील तेवढे भरले होते पोरानं. एक काढायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं होतं?

"काय झालतं हो भावजी?" चंद्रव्वानं विचारलं.

"जाळी नव्हती, चंद्रव्वा," अण्णा म्हणाला. "त्यानं माझं ऐकलं हुतं." मग वाटीवर बोट ठेवून, "एक छर्रा जादा झाला. काढायला मी हुतो की हितं. हितंच बसलो हुतो."

महिपतीनं खाली बघितलं. अण्णानं एक छर्रा काढला, या वेळी पाठ न वळवता, सगळ्यांसमोर. बीबी भरली, पायडलाला धक्का दिला. पायडल फिरलं आणि फिरतच राहिलं. 

तो छर्रा अण्णाच्या बंडीच्या खिशात राहिला. सुट्याची बाजू घेणारं कुणी बाकड्यावर आलं की तो उठून कामाला लागायचा. एकदा भीमा पोस्टमन भीत भीत जाळी घेऊन आला, म्हणाला, "अण्णा, रागावू नगा, पर मला हीच घालून द्या."

अण्णानं जाळी हातात घेतली, ग्रीस लावलं आणि नीट बसवून दिली.

"जाळी वाईट न्हाय रं," तो म्हणाला. "जाळीनं कुणाचं काय सुदिक केलं न्हाय."